गुलाबी-पिवळं दुरंगी फूल येणारी ही काटेरी झुडपं कसली? वेडी बाभूळ समजून काढून टाकायची का?

माळावरची (ता. कळंब, जि. धाराशिव)

नमस्कार मंडळी. झाड ओळखायचंय आणि जरा घाई आहे, कारण येत्या आठवड्यात आमच्या बरडावर जेसीबी यायचाय.

आधी जागा सांगते. येरमाळ्याच्या अलीकडं, बालाघाटाच्या उतारावर आमचं सव्वा एकर पडीक आहे. वर मुरूम, वीतभर खाली खडक. पेरून कधी काही हाती लागलं नाही म्हणून सासऱ्यांनी ते शेळ्यांसाठी तसंच सोडलेलं. आता तिथं सीताफळ लावायचं चाललंय. मामा म्हणायलेत, "समदी वेडी बाभळ माजलीय, एकदाच उपटून टाकू अन् मोकळं होऊ."

खालच्या नाल्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे, त्यात वाद नाही. पण वरच्या अंगाला जी झुडपं आहेत ती मला वेगळी वाटायलीत. श्रावणातला पाऊस झाला, त्यांना फुलं आली आणि माझा संशय वाढला. फूल बोटाएवढं लांब, खाली लोंबणारं. वरचा अर्धा भाग गुलाबी-जांभळट, बारीक तंतूंचा, मोकळा पसरलेला. खालचा अर्धा गच्च पिवळा. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चुकून वरच्या बाजूला लावाव्यात तसं दिसतं. जुन्या फुलांचा गुलाबी रंग उडून तो भाग पांढुरका झालेला असतो.

उंची माझ्या डोक्याच्या वर हातभर. पानं बाभळीच्या वळणाची, बारीक. काटा हातात शिरला की दिवसभर ठणकतो. फोनमधल्या ॲपला फोटो दाखवला तर एकदा लाजाळू म्हणालं, एकदा खैर. खैर मी ओळखते, हा तो नाही. शेजारी तरवड पिवळाजर्द फुललाय, त्याचं कुणाला विचारायला नको. पण हे काय? आणि वेडी बाभूळ नसेल तर ठेवावं का काढावं? आमच्या शेळ्या तिथून हलत नाहीत, एवढं सांगून ठेवते. फोटो जोडलेत. उन्हात काढलेत, म्हणून गुलाबी रंग जरा उडालाय.

---

कुंडीतली बाग (लातूर)

ताई, फोटो बघताच ओळखलं. ही शमी! माझ्या गच्चीत कुंडीत आहे, नर्सरीतून शमी म्हणूनच आणलीय. फूल डिट्टो असंच, वर गुलाबी, खाली पिवळं. गणपतीच्या पत्रीत दरवर्षी हिचीच पानं वाहतो आणि शनिवारी संध्याकाळी हिच्यापुढं दिवा असतो. शमीला कुणी जेसीबी लावतं का? उलट रोपं करा आणि विका. इकडं शहरात लोक हौसेनं घेतात, भाद्रपदात तर विचारू नका.

---

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

ताई, फोटो चांगले आलेत, पण सगळे फुलाचेच आहेत. सगळ्यांचं तसंच होतं, रंग दिसला की बाकीचं झाड कुणी बघत नाही. फूल महिना-दीड महिन्याचं, काटा बारमाही. या काटेरी मंडळींमध्ये काटा, पान आणि शेंग बघितल्याशिवाय मी तरी कुणाचं नाव घेत नाही.

एक फांदी तोडून आणा आणि नीट बघून सांगा. काटे पेरावर जोडीनं येतात की एकेकटे? सरळ आहेत की आकडीसारखे? काट्यावर किंवा त्याच्या बुडाशी पान फुटलंय का? मग एक पूर्ण पान घ्या. पूर्ण म्हणजे मधल्या दांडीसकट, एखादी पानोळी नव्हे. मधल्या दांडीला उपदांड्यांच्या किती जोड्या आहेत ते मोजा. भिंग असेल तर जोड्या फुटतात त्या जागी मधोमध काही आहे का पाहा. आणि झाडाखाली गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा पडल्या असतील, त्या उचला.

माझा अंदाज आहे, पण तो आत्ता मुद्दाम सांगत नाही. सांगितला तर तुम्हाला तेच दिसायला लागेल.

लातूरकर, शमीचं नंतर बोलू.

---

माळावरची

सर, सकाळी शेळ्या सोडायला गेले तेव्हा विळा घेऊनच गेले. एक फांदी वरच्या झुडपाची आणली, एक नाल्यावरच्या वेड्या बाभळीची, आणि दोन्ही ओसरीत शेजारी-शेजारी ठेवल्या. मग फरक असा दिसला की आजवर आपण दोन्हींना एकाच नावानं कसं हाकारत होतो याचंच नवल वाटलं.

नाल्यावरचीला काटे पेरा-पेराला दोन-दोन. वरचीला एकेकटे, सरळ आणि जाड. पण ते काटे सालीतून आल्यासारखे वाटतच नाहीत. छोटी आखूड फांदीच पुढं निमुळती होत जाते आणि टोकाला काटा होते. एकाच्या तर अंगावरच पानांचा झुपका फुटलाय.

नाल्यावरचीच्या पानाला उपदांड्यांची एकच जोडी, एखाद्या पानाला दोन. पानोळ्या लांबट, सुट्ट्या-सुट्ट्या. वरचीच्या एका पानाला बारा जोड्या भरल्या, दुसऱ्याला दहा. पानोळ्या इतक्या बारीक आणि दाट की मोजायचा नाद सोडला. लेकीच्या शाळेचं भिंग घेतलं. उपदांड्यांची जोडी जिथं फुटते तिथं दोघींच्या मधोमध एक बारीक गाठ आहे, तीही देठावर उभी. सगळ्याच जोड्यांमध्ये नाही, पण बऱ्याच ठिकाणी आहे. कोवळ्या फांदीवर बारीक लव आहे.

शेंगा झाडाखाली सापडल्या, वर एक जुना घोसही राहिलाय. तपकिरी, चपट्या, पिळवटलेल्या आणि एकमेकींत अशा अडकलेल्या की एक सोडवायला गेलं तर अख्खा घोस हातात येतो. वेड्या बाभळीच्या शेंगा तर सरळ, पिवळट, गोडसर. लहानपणी चघळल्यात, त्या ओळखायला भिंग नको.

मामा बाजेवर बसून सगळं बघायलेत. म्हणाले, "काटा तो काटा. त्याला काय भिंग लावायलीस?"

---

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

मामांना माझा नमस्कार सांगा. पण तुम्ही जे लिहिलंत त्यावरून आता शंका उरत नाही. ही दुरंगी बाभूळ. हिला सिगमकाटी असंही नाव आहे. शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. आपल्या माळरानाची आणि कोरड्या पानझडी जंगलाची अस्सल देशी रहिवासी, बाभूळ-खैर-लाजाळूच्याच गोतावळ्यातली. ॲप अगदीच वेड्यासारखं बोललं नव्हतं, नात्यातलीच नावं त्यानं घेतली.

फांदीचा काटा होणं ही हिची मोठी खूण. साध्या बाभळीचे काटे पांढरे, जोडीनं, पानाच्या बुडाशी. हिवराचेही जोडीनंच, आणि त्याची साल फिकट असते म्हणून तो लांबूनच कळतो. खैराचे काटे जोडीनं आणि आकडीसारखे वाकडे. एकेकटा, सरळ आणि अंगावर पान धरणारा काटा तुमच्या झुडपाचाच. भिंगातून दिसलेली देठावरची गाठ ही ग्रंथी. तीही ओळखीसाठी उपयोगी, आणि ती तुम्ही न सांगता शोधलीत याचा मला फार आनंद झाला. माझ्या वर्गात ती दिसायला पोरांना तास लागायचा.

फुलाचं म्हणाल तर ते एक फूल नव्हेच, पुष्कळ बारीक फुलांची ती लोंबती कणीस-मांडणी आहे. वरचा गुलाबी भाग म्हणजे वांझ फुलं. त्यांचे लांब तंतू हे परागकण नसलेले पुंकेसर, कीटकांना बोलावण्यापुरते. खालच्या पिवळ्या भागातली फुलं द्विलिंगी असतात आणि फळतात तीच. म्हणून शेंगांचा घोस दांड्याच्या टोकालाच लागतो. आता महिन्याभरात बघा, वरचा भाग झडून जाईल आणि टोकाला हिरव्या शेंगांची गुंतवळ दिसू लागेल.

वेडी बाभूळ ही अमेरिका खंडातली, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडं आणून लावलेली. तिचं कणीस एकरंगी, फिकट हिरवट-पिवळं. गुलाबी रंग तिच्याकडं कधीच नसतो. म्हणजे निदान फुलांच्या दिवसांत तरी ही गल्लत व्हायचं कारण नाही, पण होते खरी. माळ साफ करताना दोन्ही एकाच नावाखाली जातात.

आता शमी. खरी शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरॅरिया, काही लोक सौंदड म्हणतात. राजस्थानची खेजडी तीच. तिचा चांगला मोठा वृक्ष होतो. कणीस फिकट पिवळं, एकरंगी. पानाला उपदांड्यांच्या जोड्या एक ते तीन, दहा-बारा नव्हेत. काटे पेरावर जोडीनं नाहीत, दोन पेरांच्या मधल्या भागात विखुरलेले. शेंग लांब आणि बारीक. दुरंगी बाभळीची रोपं शमी म्हणून सर्रास विकली जातात, कारण ती कुंडीत राहते आणि लवकर फुलते. लातूरकरांची कुंडी फुललीय म्हणजे ती शमी नाही, हे इथूनच सांगतो.

जाता जाता: आयुर्वेदातला वीरतरु म्हणजे हीच वनस्पती असं मानतात आणि मुतखड्याच्या संदर्भात तिचं नाव येतं. हे वाचून कुणी घरी काढा उकळू नये. वैद्य कशाला आहेत?

---

कुंडीतली बाग (लातूर)

गुरुजी, जोड्या मोजल्या. अकरा. आता वाद घालत नाही. पण इतकी वर्षं मी शमी म्हणूनच वाहिलीय आणि बाप्पानं काही परत पाठवलेली नाही. झाड गच्चीतून हलणार नाही. खऱ्या शमीचं रोप कुठं मिळेल? आणि ते घेताना ओळखायचं कसं? रोपाला ना फूल ना शेंग.

---

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

उपदांड्या मोजा. जून पानाला तीन जोड्यांच्या वर गेल्या की पुढच्या नर्सरीत जायचं. बाप्पाचं आणि तुमचं मी मध्ये पडत नाही.

---

शेळीवाला आप्पा (भूम)

ताई, नाव कायबी असू द्या, पर जेसीबी लावू नका. गुरुजींनी झाडाचं समदं सांगितलं, मुळाचं न्हाई सांगितलं.

आमच्या माळाला ही लई हाय. हिचं मूळ सरळ खाली जातं तसं आडवंबी पळतं. ते आडवं मूळ तुटलं का जागोजाग कोंब फुटत्यात. आमच्या शेजाऱ्यानं असंच बरड साफ केलं हुतं. मशिनीनं उपटली, ढीग लावून पेटवली, रान आरशावानी दिसाय लागलं. पुढचा मिरीग पडला अन् जिथं एक झुडूप हुतं तिथं पोरासोरांसगट समदं खानदान वर आलं. डिझेलचं पैसं गेलं ते गेलं.

वेड्या बाभळीचं गणित येगळं. तिचा बुंधा जमिनीखाली वीतभर खणून मुळाच्या गड्ड्यासगट काढला तर ती जाती. नुसती वरून तोडली तर फुटती. तवा नाल्यावर मशीन चालंल, वर चालणार न्हाई. तुमच्या मामास्नी एवढंच सांगा, काट्या-काट्यात फरक हाय त्यो भिंगातला न्हाई, पैशातला हाय.

शेळ्या का हलत न्हाईत म्हणता? हलतील कशा. पाला आवडीचा, अन् शेंगा वाळून पडल्या का त्यावर तर तुटून पडत्यात. उन्हाळ्यात माळाला दुसरं असतंय काय? पर बी लेंडीतनं जिथं पडंल तिथं उगवतंय, हे ध्यानात ठिवा. आमच्या वाड्यामागं अशीच आलीय, कुणी लावली न्हाई.

लाकूड बारीक पर टणक. खुरप्याला, कुऱ्हाडीला दांडा चांगला हुतो. जळणाला एक नंबर, निखारा लवकर इझत न्हाई. येकदम देशी हाय म्हणून डोक्यावर घिऊ नका अन् काटेरी हाय म्हणून मुळावर उठू नका.

---

रानवाटा (कन्नड)

आप्पांचं मुळाबद्दलचं म्हणणं किती खरं आहे त्याचं मोठं उदाहरण क्युबात आहे. हीच जात तिथं बाहेरून गेली, तिथले लोक तिला मराबू म्हणतात. उसाची आणि चराऊ कुरणांची जी जमीन पडीक राहिली तिच्यावर या झुडपानं अशी काटेरी जाळी धरली की शेतकरी हैराण झाले. शेवटी त्यांनी तिचा कोळसा पाडून बाहेर विकायला सुरुवात केली. २०१७ साली अमेरिकेशी पन्नासहून जास्त वर्षांनी जो पहिला निर्यातीचा व्यवहार झाला तो याच मराबूच्या कोळशाचा होता. निखारा टिकतो हे त्यांनाही कळलं म्हणायचं.

आपल्याकडं ती तशी उधळत नाही. इकडं गौताळ्याच्या बाजूला बोर, हेकळ, तरवड, मुरुडशेंग यांच्या गर्दीत एखाद-दुसरी दिसते आणि भाद्रपदात फुलली तरच लक्ष जातं. पण जिथं चराई फार झालीय किंवा रान वारंवार उकरलं जातं तिथं तिची दाट बेटं होतात. ताई, तुमच्या बरडावर दाट असेल तर त्याचं कारण झाडात कमी आणि जमिनीच्या वापरात जास्त असावं. हे माझं मत, राग मानू नका.

---

माळावरची

राग कसला. चराई झालीय हे खरंच आहे, आमच्याच शेळ्या आणि वर गावच्या.

काल रात्री आप्पांचं लिहिणं मामांना वाचून दाखवलं. गुरुजींचं वाचलं तेव्हा ते घोरायला लागले होते, पण शेजाऱ्याच्या डिझेलचं ऐकलं आणि उठून बसले. पुन्हा वाच म्हणाले. मग स्वतःच सांगायला लागले की त्यांच्या वडिलांनी बरडाच्या कोपऱ्यात असंच एकदा खणलं होतं आणि तो कोपरा आजही सगळ्यात दाट आहे. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं! तर वरच्या अंगाला मशीन जाणार नाही हे ठरलं. जेसीबी नाल्यावर तेवढा येईल, वेड्या बाभळीपुरता.

सीताफळाला अख्खं रान मोकळं लागतंच असं नाही, हा हिशोब मी मांडला. पाच बाय पाच मीटरवर धरलं तर सव्वा एकरात दोनशेच्या आसपास खड्डे होतात. दीड-दोन फुटांचा खड्डा पहारीनं माणसंसुद्धा काढतील. खड्ड्याच्या जागी झुडूप आलं तर तेवढंच काढायचं, बाकीचं राहू द्यायचं. बांधाच्या कडेची तर काढायचीच नाहीत, तिथली माती त्यांच्याच मुळांनी धरलीय.

आता दोनच शंका. खड्ड्याभोवती जे कोंब येतील त्यांचं काय करायचं? आणि शेळ्या आत सोडल्या तर त्या सीताफळाची रोपं ठेवतील का?

---

निवृत्त गुरुजी (अंबाजोगाई)

पहिल्या शंकेचं: कोंब कोवळा असतानाच कापत राहा, मूळ ओढू नका. सावलीत आणि सततच्या कापणीत ते दमतं. हिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र धरतात, त्यामुळं थोडीफार शेजारी राहिली तर जमिनीचं नुकसान नाही. पाण्याची ओढाताण मात्र होईल, म्हणून रोपाभोवतीचं हातभर आळं पहिली दोन-तीन वर्षं स्वच्छ ठेवा.

दुसरी शंका आप्पांच्या खात्यातली.

---

शेळीवाला आप्पा (भूम)

ताई, सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत न्हाई. बालाघाटात एवढी सीताफळं रानोमाळ उभी हायती ती कशानं राहिली? तवा कोंब खायला शेळ्याच सोडा, कापायची मजुरी वाचंल. दुरंगीचा कोंब कवळा असला का तीच पयला खात्यात.

पर पयली दोन वरसं रोपाला कुपाटी पायजेच. खात न्हाईत, पर तुडवत्यात, अन् करडं खोडाला अंग घासत्यात. कुपाटीला फांद्या नाल्यावरल्या वेड्या बाभळीच्याच घ्या, जेसीबी येईल तवा ढीग पडंलच. फकस्त शेंगा लागलेली फांदी बाजूला काढा अन् तिथंच जाळा. न्हाईतर रोपा-रोपाच्या बुडाला आपल्याच हातानं वेडी बाभळ पेरून बसाल.